दोन घासांची वाकळ

जवळा बाजार, जि. हिंगोली
१४ नोव्हेंबर २००५

चि. साक्षीस मामाचा सप्रेम जयभीम.

ताजी बातमी अशी, की आपला अडकित्ता बेंगलोरला सुखरूप पोचला. या वृत्ताला पोस्टमन कोंडीबा यांनी दुजोरा दिला आहे. पोचपावतीचं कार्ड हातात देता देता त्यांनी विचारलं, "भीमराजदादा, तिकडं सुपारी फोडायला काईच न्हाई काय?" मी म्हणालो, "ते फोडत नाहीत, काचेच्या कपाटात ठेवतात." कोंडीबा पिशवी खांद्याला लावत म्हणाले, "मंग आमच्या म्हाताऱ्याची काठी बी धाडा की."

वीस वर्षं मी दैनिकाला जवळा बाजारच्या बातम्या पाठवतो आहे. कापसाचे भाव, वाढदिवस, औंढ्याच्या रस्त्यावरचे अपघात. एवढ्या काळात कुणी मला बेंगलोरहून शाबासकी दिली नाही. अडकित्त्याबद्दल मात्र, तू लिहिलंस तसं, घेणाऱ्यानं तुझ्या जुन्या वस्तूंच्या साइटवर पाच तारे दिले. तेव्हापासून मी स्वतःला जाणकार समजू लागलो आहे. तू सावध राहा.

माल वाढतो आहे. दसऱ्याच्या साफसफाईत मी आतल्या खोलीतली पत्र्याची पेटी रिकामी करून घेतली. तिच्यातले जुने कपडेलत्ते गाठोडं बांधून दाराशी ठेवले आणि पेटीत कंदील, पितळी चंबू, एक बंद रेडिओ अशी व्यवस्था लावली. तुझी मामी याला 'भंगाराला पक्कं घर' म्हणते.

सोबत नव्या मालाचा फोटो आहे. जुनी वाकळ. आठवडी बाजारात भिकाबाई भांडीवालीकडून घेतली. तीच ती, जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देत गावोगाव फिरते आणि कपडे बाजारात आणून विकते. तिच्या ढिगात ही दिसली. निळ्या-जांभळ्या तुकड्यांची, हातानं घातलेले बारीक टाके, चारी कोपऱ्यांना लाल त्रिकोण. मी विचारलं, "कुठली आहे?" ती म्हणाली, "लई लांबची हाये." "जुनी आहे का?" "जुनी म्हंजे? तुमच्या-माझ्या आधीची." असं ऐकल्यावर घासाघीस करायला माझी जीभ रेटली नाही. मधोमध काहीतरी टणक लागतं. चिंचोका असावा, कुणा लेकराचा खेळ.

मामी बचत गटाच्या बैठकीला गेली तेव्हा अंगणातल्या तारेवर टाकून फोटो काढला आणि ती येण्याआधी वाकळ वसराम टेलरच्या दुकानात नेऊन ठेवली. पेटीत आता जागा नाही, आणि मामीच्या नजरेत तर कधीच नव्हती. साइटवर असं लिही: 'निजामकालीन दुर्मिळ वाकळ, बहुधा एखाद्या घरंदाज कुटुंबातील, कारागीर अज्ञात.'

जावई बुद्धभूषण यांना जयभीम.

तुझा मामा,
भीमराज

*

पुणे
२७ नोव्हेंबर २००५

ति. मामांना सविनय जयभीम.

वाकळ साइटवर चढवली. 'निजामकालीन' आणि 'घरंदाज' काढून टाकलं. मागच्या वेळी कंदिलाला तुम्ही 'ऐतिहासिक' म्हणालात आणि एका गिऱ्हाइकानं लगेच विचारलं होतं, कोणता इतिहास. मी लिहिलं आहे: 'हातानं शिवलेली जुनी वाकळ, हिंगोली जिल्हा.' तुमच्या फोटोत वाकळीपेक्षा मामीची भाकरी थापायची काठवटच ठळक आली आहे, भिंतीला टेकवलेली. पुढच्या वेळी मागं कोरी भिंत ठेवा. लोक मागचंच आधी बघतात.

आता दुसरी बातमी. दुजोरा डॉक्टरांनी दिला आहे. तुम्ही आजोबा होणार, एप्रिलच्या मध्यावर. बुद्धभूषणनं ऑफिसात पेढे वाटून टाकले. मला उलट्यांमुळे एकही खाता आला नाही.

मामा, एक मागायचं आहे. पेटीत आईची वाकळ आहे ना, गुलाबी फुलांची, ती मला पाठवता का? मला आईचा चेहरा फोटोतलाच आठवतो. पण त्या वाकळीखालची ऊब मला खरी आठवते. तुमच्याकडं राहायला आले तेव्हा पहिले कित्येक दिवस मी तिच्यातून तोंड बाहेर काढलं नव्हतं. बाळाला पहिल्यांदा त्यातच गुंडाळायचं असं मनानं घेतलंय. बाळंतपणाला मी तिकडंच येणार, पण वाकळ आधी आली तर माझी रात्र तरी नीट जाईल.

मामीला सांगा, लोणचं पाठवायचं असेल तर आत्ताच.

तुमची,
साक्षी

*

जवळा बाजार
५ डिसेंबर २००५

चि. साक्षीस जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. पुढच्या दोन भाकरी जळाल्या आणि दोन्ही मला वाढल्या. त्यानंतर ती गल्लीत गेली. बातमी पसरवण्याचं काम वीस वर्षं माझ्याकडं आहे असं मला वाटत होतं. मी वसरामच्या दुकानापर्यंत पोचायच्या आत तिथं माझंच अभिनंदन तयार होतं.

वाकळीची काळजी नको. ती पेटीत सुरक्षित आहे. मामीनं डांबराच्या गोळ्या घालून ठेवली आहे. चार दिवसांत पार्सल करतो.

भीमराज

*

जवळा बाजार
२३ डिसेंबर २००५

चि. साक्षीस जयभीम.

वाकळ पाठवायला थोडा उशीर होतो आहे. मामी म्हणते थंडीच्या दिवसांत पाठवू नये, दमट होते. शिवाय ऊन दाखवायला हवं. मामीचं म्हणणं तुला माहीत आहेच. लोणचं सोबत पाठवत आहे, ते मात्र वेळेवर आहे.

इकडं विशेष काही नाही. हरभरा बरा आहे.

भीमराज

*

पुणे
९ जानेवारी २००६

ति. मामांना जयभीम.

तुमची वाकळ विकली गेली. म्हणजे बाजारातली. घेणारे मोहनसिंग राठोड, औरंगाबादला त्यांचं हॉटेल आहे. मूळचे आपल्याकडचे, पुसेगावजवळच्या तांड्यातले. हॉटेलात गावाकडची सजावट करायची आहे, जेवायच्या खोलीत भिंतीला लावणार आहेत. फोटोची मोठी प्रतही त्यांनी मागितली, चौकटीत घालून बाजूला लावायला. पत्ता सोबत आहे. कुरिअरनं पाठवा, टपालानं नको.

लोणचं छान आहे. संपलं.

आईच्या वाकळीबद्दल दोन पत्रं झाली. पहिल्यात पेटी होती, दुसऱ्यात थंडी आली. मी तुमच्याच घरात वाढले मामा, तुमची टाळाटाळ मला ओळखू येते. मामीला ती द्यायची नसेल तर तसं सांगा, मी मागणार नाही. तिनं मला वाढवलं, माझी वेणी घातली, तिचा हक्क मोठा आहे. फक्त 'मामी म्हणते' असं लिहून पाठवू नका. ते वाचलं की मला पाहुणी झाल्यासारखं वाटतं.

सासूबाई म्हणतात बाळंतपण पुण्यातच करू, दवाखाना जवळ आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

साक्षी

*

पुणे
२८ जानेवारी २००६

ति. मामांना जयभीम.

तुमचं पत्र नाही, पण वाकळ औरंगाबादला पोचलेली दिसते, कारण तक्रार आली आहे.

मोहनसिंग यांचा काल फोन होता. माणूस भला आहे, पण फार वेळ बोलतो. म्हणाले, "ताई, माल एकदम बराबर हाय. फक्त मधोमध दोन गुठळ्या आहेत. भिंतीवर लावली की डोळ्यासारख्या दिसतात. गिऱ्हाईक जेवता जेवता वर बघतं." मी विचारलं, दगड आहेत का? म्हणाले, दाण्यांसारखं लागतं, शेजारी शेजारी दोन पुरचुंड्या आत शिवल्यासारख्या. तुम्ही चिंचोका म्हणाला होतात. दोन चिंचोके असतील. मी सांगितलं, मागच्या बाजूनं टाके कापून काढून टाका. ते म्हणाले, हॉटेलचा शिंपी आला की कापून घेतो.

म्हणजे पाचातला एखादा तारा कमी होईल. मनाला लावून घेऊ नका.

बाळंतपण पुण्यातच करायचं जवळजवळ ठरलं आहे.

साक्षी

*

जवळा बाजार
३ फेब्रुवारी २००६

साक्षीबाई, तुला मामीचा जयभीम.

हे पत्र मी माझ्या हातानं लिहून राहिले. बचत गटाच्या बाईनं अक्षरं शिकवली. आमी वाचतो हे तुझ्या मामाच्या ध्यानात न्हाई. तो तुझं पत्र मोठ्यानं वाचतो आन मधेच खोकतो. मला वाटायचं थंडी हाये. काल त्यानं दोन गुठळ्याचं वाचलं आन माझा हात पिठातच राह्यला. मी म्हनलं, किती? तो म्हनला दोन. मी म्हनलं, दे इकडं ते पत्र.

मंग मी खोकला आलता तिथलं सगळं वाचलं. माघलं पत्र बी काढून वाचलं. मला द्यायची न्हाई म्हनं. अगं माझ्या लेकरा, तुझ्या आईची वाकळ तुला न्हाई द्यायची तं कुनाला द्यायची? मी कवाच असं म्हनले न्हाई. थंडीचं बी म्हनले न्हाई. तू मागितली हेच मला ठावं नव्हतं. तो तेवढं बी खोकलाच असंल.

आता नीट आईक. पेटी कोनी रिकामी केली ते इचार तुझ्या मामाला. कंदील ठिवायला. तुझ्या आईची, राणीची वाकळ त्यानं गाठोड्यात बांधून दारात ठिवली. भिकाबाई आली. मी म्हनलं जुनी फाटकी धडुती असतील, आन गाठोडं तसंच देऊन स्टीलची घागर घेतली. गाठ सोडून बघितली न्हाई हे माझं चुकलं. घागर बी गळती.

तुला गुलाबी फुलाची ठावं हाये. ती वरची माझी साडी. खालची राणीची, निळी-जांभळी. तू चार वर्साची व्हतीस तवा ती इरून राहिली, म्हनून मी दोनी बाजूनं माझी साडी लावून टाके घातले. वाकळ अशीच चालती, जुनीवर नवी. भिकाबाईनं वरची साडी उसवून येगळी इकली. खालून निघाली ती तुझ्या आईची. तुझ्या मामानं ती इकत घेतली आन इकली.

आपल्याकडं वाकळ शिवली की मधी एक घास शिवतात. जवारीची पुरचुंडी. वाकळ उपाशी राहू नये म्हनून. सगळ्या बाया एकच घास टाकतात. राणीनं दोन टाकले. मी हासले तिला. ती म्हनली, वयनी, एक वाकळीचा, एक पाहुन्याचा. वाकळीत कोन पाहुना येतो, मी म्हनलं. ती म्हनली, येतंय की लेकरू.

तवा तू तिच्या पोटात व्हतीस.

त्या मानसाला म्हनाव कापू नको. आजच फोन कर. तुझा मामा दोनदा येष्टीडीवर जाऊन आला, तुझा नंबर लागला न्हाई. आता ओट्यावर बसलाय. जेवला न्हाई. मी बी आग्रेव केला न्हाई.

तुझी मामी,
कमल

*

पुणे
११ फेब्रुवारी २००६

ति. मामा आणि मामी यांना जयभीम.

हे पत्र दोघांनी एकत्र वाचावं. मामींनी मोठ्यानं वाचावं आणि मामांनी खोकू नये.

मामी, तुमचं पत्र मी ऑफिसात फोडलं. मग जिन्यात जाऊन बसले. मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते मागं घेते. समोर आले की पाया पडते, खाली वाकता आलं तर.

लगेच मोहनसिंग यांना फोन लावला. म्हटलं, "दादा, वाकळ कापली का?" ते म्हणाले, "कशाची कापतो ताई! भिंतीवर वाकळच न्हाई." माझ्या पोटात बाळ आधीच लाथा मारत होतं, ते थांबलं. मी विचारलं, चोरीला गेली? तर म्हणाले, "आईनं नेली."

त्यांची आई चंदाबाई तांडा सोडून त्यांच्याकडं राहायला आली आहे. तिनं हॉटेलच्या भिंतीवर वाकळ बघितली आणि लेकाला विचारलं, "भिंतीला थंडी वाजती का रे?" वेटरला स्टुलावर चढवलं, खाली काढून घेतली आणि त्या दिवसापासून अंगावर घेऊन झोपते. शिंपी आला तेव्हा त्याला तिनं दारातूनच परत लावलं. मोहनसिंगांनी बाजूची चौकट तेवढी ठेवली आहे. रिकाम्या भिंतीशेजारी वाकळीचा फोटो. म्हणतात, गिऱ्हाइकं आता त्याबद्दल जास्त विचारतात.

मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी आईला फोन दिला. मी म्हटलं, "आजी, ती माझ्या आईची वाकळ आहे. माझी आई नाही." त्या म्हणाल्या, "हिच्यात दोन घास हायेत, बाई. आमी एकच टाकतो. मला पैल्या रातीलाच समजलं, कुन्या दिलदार बाईनं शिवली. तुजी आई का?" मी हो म्हटलं.

पैसे परत देते म्हटलं तर म्हणाल्या, "पैशानं ऊब येती का?" बदल्यात त्यांना दुसरंच हवं आहे. चौकटीतल्या फोटोत मागं काठवट आहे ना, ती. लेकाच्या घरी सगळं स्टीलचं आहे. "परातीत भाकर घसरती. तांड्यावरची काठवट धाकल्याकडं राह्यली. ही द्या, वाकळ घेऊन जावा."

मामी, ती तुमची रोजची काठवट आहे. तुम्ही नाही म्हटलंत तर मला समजेल. या वेळी खरोखर समजेल.

मामा, तुम्ही दोन महिने मला एक साधी गोष्ट सांगू शकला नाहीत. मी खूप रागावले होते. मग आठवलं, बाजारातून घेतलेली ती वाकळ पार्सल होईपर्यंत वसराम टेलरच्या दुकानात होती. म्हणजे तुम्ही आईची वाकळ शोधत होतात आणि ती शोधता शोधता रोज संध्याकाळी वसरामकडं बसायला जात होतात. खरं ना? खरं असेल तर लिहा. मला हसायचं आहे. डॉक्टर म्हणतात हसलेलं बाळाला चांगलं.

साक्षी

*

जवळा बाजार
१९ फेब्रुवारी २००६

चि. साक्षीस जयभीम.

ताजी बातमी अशी, की काठवट जाणार. या वृत्ताला खुद्द तुझ्या मामीनं दुजोरा दिला आहे, आणि या घरात यापेक्षा वरचा दुजोरा नाही.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. होय, खरं आहे. आणखीही आहे, तू विचारलेलं नाहीस तरी लिहितो. वसरामच्या दुकानात पाठीला टेकायला काही नसतं. बाजारातल्या वाकळीची घडी मी भिंतीशी ठेवली होती. राणीची वाकळ कुठं गेली असेल याचा विचार मी राणीच्या वाकळीला टेकून करत असे. वसराम एकदा म्हणाला, "भीमराज, तू आजकाल इथंच बसतो, घरी काय तकलीफ हाये?" मी म्हणालो, "एक वस्तू हरवली आहे." तो म्हणाला, "तुला काय, पारखी मानूस, सापडंल."

माणूस वाकळीकडं बघत नाही, नुसती ओढून घेतो, असा बचाव मी मामीपुढं मांडून बघितला. तिनं विचारलं, "मंग बाजारात काहून बघितली?"

काल बाजारात भिकाबाई भेटली. मी जरा आवाज चढवूनच म्हणालो, "माझ्याच घरची वाकळ मला विकलीस?" ती स्टीलचे डबे रचत होती. वर न बघता म्हणाली, "व्हय."

"मग सांगितलं का नाही? लांबची आहे म्हणालीस."

"माझ्या डोक्यावर आनायला लांबच की. आन दादा, तुमी इतक्या पिरमानं हात फिरवून राहिले व्हते तिच्यावरून. मी म्हनलं, वळखली असंल. घरच्या बाईनं चुकून दिली, मानूस गपचिप सोडवून नेऊन राहिला. मधी बोलून कशाला घरात भांडान लावा?"

साक्षी, मी वीस वर्षं लोकांच्या मुलाखती घेतो. इतकं सभ्य उत्तर मला कुणी दिलेलं नाही. मी तिच्याकडून एक डबा घेतला. झाकण बसत नाही.

गुलाबी साडी मात्र गेली. ती तिनं नांदेडकडच्या एका व्यापाऱ्याला ढिगात दिली. ती परत येणार नाही.

आता काठवटीचं. तुझं पत्र मामीनं मोठ्यानं वाचलं, अडखळत, पण एकही ओळ न गाळता. चंदाबाईंची मागणी आली तेव्हा ती थांबली. मी ताबडतोब माझा तोडगा सांगितला. माझ्या संग्रहात शिरड शहापूरहून आणलेली एक काठवट आहेच. तिला तडा आहे, पण तोही जुना आहे. तीच देऊ. मामीनं माझ्याकडं बघितलं. "फुटकी देऊन राणीची वाकळ आनायची व्हय?" मग उठून आपली काठवट घेतली, अंगणात नेली, राखेनं घासली. घासता घासता एवढंच विचारलं, "ती बाई भाकरी करनार हाये ना? का भिंतीला लावती?" मी म्हणालो, करणार आहे, परातीत घसरते म्हणून. "मंग घेऊन जाऊ दे. इथं तिला माझ्या हातची सवय हाये, तिथं तिच्या हातची व्हईल."

तडा गेलेली काठवट आता मामीच्या चुलीपुढं आहे. तिच्यावर केलेल्या प्रत्येक भाकरीला मधोमध एक रेघ येते. कालच्या जेवणात मामीनं ती मला दाखवून विचारलं, "ही बी ऐतिहासिक का?"

पेटी रिकामी केली आहे. सगळे कंदील वसरामच्या दुकानात लटकवले. चालू होता तो एक कोंडीबा आपल्या वडिलांसाठी घेऊन गेले. रात्री गोठ्यात जायला लागतो म्हणाले. तारे मिळाले नाहीत. रेडिओ मी पुन्हा उघडून बघतो आहे, कदाचित लागेल. साइटवरचा उरलेला माल तू काढून टाक. नाहीतर असू दे. अडकित्ता मात्र आणखी एक बघून ठेवला आहे, पण त्याबद्दल मामीला अजून काही सांगितलेलं नाही. हे वाक्य लिहिलं, वाचलं, आणि आत्ताच जाऊन सांगून आलो. ती म्हणाली, "बरं." मला वाटलं होतं तेवढं ते अवघड नव्हतं.

पुढचा कार्यक्रम असा अपेक्षित आहे. येत्या रविवारी आम्ही दोघं पहाटेच्या एसटीनं औरंगाबादला निघू. काठवट मामीच्या मांडीवर असेल. टपावर ठेवायची नाही असं तिनं कंडक्टरला आत्ताच बजावून ठेवलं आहे. तुम्ही दोघं पुण्याहून सावकाश या, जावयांना म्हणावं खड्डे बघून. मोहनसिंग जेवायला घालणार आहेत. भाकरी चंदाबाई करणार, नव्या काठवटीत, आणि मामी म्हणते मी शेजारी बसून बघणार. सातवा सरला आहे, तेव्हा तिथून तुला घेऊनच आम्ही परत येणार. तुझ्या सासूबाईंना मी फोन केला होता. बोलणं लांबलं, मधेच मामीनं फोन घेतला आणि ते लगेच ठरलं.

मामीचा निरोप आहे, तिच्याच शब्दांत लिहितो:

"राणीची वाकळ इरली आसंल, वरची साडी भिकाबाईनं काढली. आल्यावर नवा थर लावावा लागंल. लेकरू यायच्या आधी टाके घालून व्हतील, तू बसल्या बसल्या घाल, मी दाखवते. तुझी एक साडी आन. नवी आनू नको, नवी टोचती. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली. साडी नेसत नसशील तं वढनी बी चालंल. जवारी मी काढून ठिवली हाये."

मी विचारलं, आता आणखी एक घास कशाला, दोन आहेत ना? ती म्हणाली, "ते दोन राणीचे. आपला नको का एक?"

तुझा मामा,
भीमराज